निविदेची मुदत संपली, म्हणजे निविदा संपली का?

नमस्कार. वैधता मुदत उलटून गेल्यावर स्वीकृतीपत्र आले तर ते काम घ्यावेच लागते का, हा प्रश्न गेल्या काही महिन्यांत इतक्या जणांनी विचारला आहे की एकेकाला स्वतंत्र उत्तर देणे मला शक्य राहिलेले नाही. एका बांधकाम फर्ममध्ये सतरा वर्षे मी निविदांचे टेबल सांभाळले आणि लहान ठेकेदारांची बयाणा रक्कम, म्हणजे निविदेसोबत ठेवलेली अनामत, केवळ एक वाक्य न वाचल्यामुळे जाताना पाहिली, म्हणून आज मुख्यतः त्या एका वाक्याबद्दलच बोलणार आहे.

प्राथमिक गोष्टी आपल्याला ठाऊक आहेत. आपण दर भरतो, तो आपला प्रस्ताव असतो. निविदा काढणारे कार्यालय तो ठराविक दिवसांत स्वीकारू शकते. त्या दिवसांना वैधता मुदत म्हणतात. एवढेच लक्षात ठेवा की हे दिवस बहुधा निविदा उघडण्यासाठी ठरलेल्या तारखेपासून मोजले जातात, आणि दिवस म्हणजे दिवस, महिने नव्हेत. उघडण्याची तारीख १ जुलै आणि मुदत १२० दिवस असेल, तर ती २९ ऑक्टोबरला संपते. चार महिने धरून १ नोव्हेंबर लिहिलेली पत्रे मी स्वतः परत घेऊन दुरुस्त केली आहेत.

आता ते वाक्य. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या बी-१ आणि बी-२ या ठरलेल्या निविदा नमुन्यांवर निघणाऱ्या अनेक निविदांमध्ये आपण सही करतो त्या निवेदनात असे लिहिलेले असते की हा देकार, म्हणजे आपला प्रस्ताव, अमुक इतके दिवस तर खुला राहीलच, आणि त्यानंतरही, ठेकेदार लेखी नोटिशीने तो मागे घेईपर्यंत खुला राहील. ही नोटीस निविदा उघडणाऱ्या अधिकाऱ्याच्या नावे रजिस्टर पोस्टाने पोहोचदेय पाठवलेली किंवा त्याच्या कार्यालयात अन्य प्रकारे पोहोचवलेली असली पाहिजे. ‘आणि त्यानंतरही’ या दोन शब्दांखाली मी तांबड्या शाईने रेघ ओढली आहे, ती आपल्याला पडद्यावर दिसत असेल. असे वाक्य असलेल्या निविदेत १२० दिवस ही किमान मुदत आहे, कमाल नव्हे. एकशेविसावा दिवस संपल्यावर आपल्याला बयाणा रक्कम न गमावता बाहेर पडण्याचा हक्क मिळतो. आपण आपोआप बाहेर पडत नाही.

आमच्याच फर्ममध्ये हे घडले. एका ग्रामीण रस्त्याच्या कामात आमचा दर सर्वांत कमी होता, मुदत उलटली, कार्यालयाकडून काहीच कळले नाही, आणि मालकांनी विषय संपला असे समजून यंत्रे दुसऱ्या कामावर पाठवली. अकराव्या दिवशी स्वीकृतीपत्र आले. आम्ही मुदत संपल्याचे कारण देऊन नकार कळवला आणि बयाणा रक्कम जप्त झाली. त्या संध्याकाळी फाईल उघडून बसलो, तेव्हा हेच वाक्य आमच्याच सहीच्या चार ओळी वर छापलेले होते. एका साध्या पत्राने ती रक्कम वाचली असती, आणि ते पत्र लिहिणे माझे काम होते.

एका प्रेक्षकांनी लिहिले आहे की करार कायद्याचे कलम ६ पाहा, मुदत संपली की प्रस्ताव रद्दच होतो. १८७२ च्या कायद्यात हे आहे, परंतु त्या कलमात प्रस्तावातच ठरवून दिलेली मुदत अभिप्रेत आहे, आणि आपल्या प्रस्तावातील मुदतच जर ‘मागे घेईपर्यंत’ अशी लिहिलेली असेल, तर ती १२० व्या दिवशी संपली असे म्हणता येत नाही. ज्या निविदेत केवळ ठराविक दिवस लिहिलेले आहेत आणि पुढे काहीच नाही, तिथे त्यांचे म्हणणे बरोबर ठरते. म्हणून कायद्याचे पुस्तक उघडण्याआधी निविदेचे पान उघडा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

दुसरे एक जण कलम ५ सांगतात, की स्वीकृतीपूर्वी प्रस्ताव केव्हाही मागे घेता येतो. घेता येतो, पण मुदतीच्या आत घेतला तर बयाणा रक्कम जाऊ शकते. राष्ट्रीय राजमार्ग प्राधिकरण विरुद्ध गंगा एंटरप्रायझेस या २००३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले आहे: मागे घेण्याचा हक्क वेगळा, आणि मुदतीत मागे घेणार नाही या हमीसाठी ठेवलेली रक्कम वेगळी.

आता याच वाक्याकडे दुसऱ्या क्रमांकाच्या ठेकेदाराच्या जागेवरून पाहू. एल-१ ची, म्हणजे सर्वांत कमी दर भरणाऱ्याची, मुदत संपली होती, तरी त्याला काम दिले, मी न्यायालयात जाऊ का, असे अनेक जण विचारतात. महाराष्ट्रात निविदांच्या तक्रारींसाठी तमिळनाडू, कर्नाटक किंवा राजस्थानप्रमाणे स्वतंत्र कायदा आणि त्यातील अपिलाची सोय नाही. म्हणून आधी कार्यालयाकडे लेखी हरकत आणि मग राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका, हाच मार्ग उरतो. तिथे न्यायालय सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या जगदीश मंडल निकालातले दोन प्रश्न विचारते: निर्णय दुष्ट हेतूने, कोणाला झुकते माप देण्यासाठी किंवा अगदीच मनमानीने घेतला आहे का, आणि त्याने सार्वजनिक हिताला बाधा येते का? ‘मागे घेईपर्यंत’ असे वाक्य असताना निव्वळ तारखेच्या आधारावर याचिका टिकवणे फार कठीण आहे. शिवाय २०१८ च्या दुरुस्तीने विशिष्ट साहाय्य कायद्यात आलेल्या कलम ४१(एचए)मुळे पायाभूत प्रकल्पाला उशीर करणारा मनाई हुकूम मिळणे आणखी अवघड झाले आहे, म्हणून जे करायचे ते कार्यारंभ आदेश निघण्याआधी करा.

मात्र मुदत वाढवताना एल-१ ने दर बदलला असेल, तर हरकतीला खरा आधार मिळतो. डांबर महागले आहे, वाढीव दर दिल्यास मुदत वाढवतो, असे पत्र म्हणजे संमती नव्हे. तो नवा प्रस्ताव आहे, आणि तो एकट्याकडून स्वीकारणे इतरांवर अन्याय आहे. कार्यालयाने मुदतवाढ मागितली तर आपल्यासमोर दोनच उत्तरे असतात: जुन्याच दराने होय, किंवा नाही. बहुतेक निविदांमध्ये नाही म्हटल्याने बयाणा रक्कम जात नाही, तरीही ती अट वाचूनच उत्तर द्या. होय म्हणाल आणि बयाणा बँक हमीच्या रूपात दिला असेल, तर त्या हमीची तारीखही वाढवा. केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतील नियम १७० नुसार ती साधारणतः अंतिम वैधतेच्या पुढे ४५ दिवस चालू राहावी लागते.

हे पाहणाऱ्या अभियंत्यांना आणि लेखा शाखेतल्या मंडळींना माझे मनापासून सांगणे आहे की मुदतवाढीचे पत्र मुदत संपण्याआधी आणि सर्व पात्र निविदाधारकांना पाठवा. केवळ आवडत्या एकाला फोन करून विचारण्याने पुढे किती याचिका उभ्या राहतात, हे आपण माझ्यापेक्षा जास्त जाणता.

आता पत्र. विषय: देकार मागे घेत असल्याची नोटीस. मजकुरात कामाचे नाव, निविदा सूचना क्रमांक, उघडण्याची तारीख, मुदत संपल्याची तारीख, आणि एकच वाक्य: ‘मुदत संपली असून मी माझा देकार आजपासून मागे घेत आहे, बयाणा रक्कम परत करावी.’ कारणे लिहू नका, दिलगिरी लिहू नका. मुदत संपल्यावर पहिल्याच कामाच्या दिवशी ते स्वतः कार्यालयात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व गोल शिक्का घ्या. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाले आहे, त्यामुळे नमुन्यातला जुना शब्द आणि टपाल खिडकीवरची पावती यांत फरक दिसेल. हातोहात दिलेल्या प्रतीवर शिक्का असेल तर हा वाद उद्भवतच नाही. ई-मेल पुरेल का, असे काल एका ताईंनी विचारले. ई-मेल जरूर पाठवा, पण अटीत कार्यालयात पोहोचवणे लिहिले आहे, तेव्हा शिक्क्याची प्रत हातात आल्याशिवाय यंत्रे दुसऱ्या कामावर हलवू नका.