बाळसं कधी संपतं?

नमस्कार श्रोतेहो.

वर्षाच्या बाळाचे गाल फुगलेले असले, मनगटाला वळ्या पडलेल्या असल्या की आपण म्हणतो, "छान बाळसं धरलंय हो!" तेच मूल आठ वर्षांचं झालं की तीच माणसं त्याच्या आईला विचारतात, "अगं, काय खायला घालतेस त्याला?" आणि मूल सडपातळ निघालं, तर "खायला घालतेस की नाही?" बाबांना हा प्रश्न विचारलेला मी अजून ऐकलेला नाही, ते असो.

मीही यातलीच. एकदा डॉक्टरांकडे नंबर यायची वाट पाहत बसले होते. समोर सात-आठ वर्षांचा मुलगा, चेहरा गोल गरगरीत, हातात खाऊचा पुडा. तो संपला, तसा त्याने आईच्या पिशवीतून दुसरा काढला. आई गप्प. मी मनातल्या मनात निकाल देऊन मोकळी झाले. मग ती शेजारच्या बाईंशी बोलताना कानावर आलं, की त्याला नेफ्रोटिक सिंड्रोम आहे. मूत्रपिंडाचा आजार. लघवीवाटे प्रथिनं जातात, अंगावर सूज येते, आणि त्यावर आठवडेच्या आठवडे स्टिरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागतात. त्यांनी चेहरा गोल होतो, भूक खवळते. "रात्री दोनला उठतो, भूक लागली म्हणून रडतो," ती म्हणाली.

आता, प्रत्येक मुलामागे आजार नसतो. बहुतेकांमागे नसतोच. पण म्हणून दोष आईबापांचा? 1986 साली डेन्मार्कमधल्या 540 दत्तक व्यक्तींचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांची मोठेपणीची अंगकाठी जन्मदात्यांशी जुळत होती. ज्यांच्या घरी जेवून ती वाढली, त्यांच्याशी नाही. घरच्या जेवणाला अर्थ नाही, असं मी म्हणत नाही. नुसत्या अनुवंशिकतेनेही सगळं उलगडत नाही, कारण दोन-तीन पिढ्यांत जनुकं काही बदलत नाहीत. तरी जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने 2022 मध्ये 5 ते 19 वयाची 39 कोटींहून जास्त मुलं प्रमाणाबाहेर वजनाची होती. इतक्या घरांतले आईबाप एकदमच बेशिस्त झाले म्हणायचं का? मैदानं आक्रसली, रस्ते गाड्यांनी भरले, आईबाप दिवेलागणीनंतर दमून घरी येतात. मुलांना रोज तासभर दमवणारा खेळ हवा, शाळकरी वयात नऊ ते बारा तास झोप हवी, हे त्यांनाही ठाऊक असतं. शाळा, प्रवास आणि अभ्यास वजा करून ते तास बसवायचे कुठे, तेवढं कुणी सांगत नाही.

शिवाय मुलांचं अंग सरळ रेषेत वाढतच नाही. उंचीच्या मानाने वजन पहिल्या वर्षी चढतं, मग उतरतं, पाच-सहाव्या वर्षाच्या आसपास सगळ्यात खाली जातं आणि पुन्हा चढू लागतं. म्हणून डॉक्टर एका दिवसाच्या आकड्यावर थांबत नाहीत, वाढीच्या आलेखावरची सगळी रेघ बघतात. आपल्याला लिफ्टमध्ये अर्धं मिनिट दिसलेल्या मुलाची कुठली रेघ दिसणार?

त्या दिवशी मुलाचा नंबर आला. कोपऱ्यात वजनकाटा होता. त्याने चपला काढल्या. काट्यावर चढणार तेवढ्यात थांबला, खिशातली छोटी लोखंडी गाडी काढून आईच्या हातात दिली, आणि मग चढला.