छातीची सोनोग्राफी

श्रोतेहो, नमस्कार. खोकणाऱ्या बाळाच्या छातीवर सोनोग्राफीचा प्रोब ठेवला की आई हमखास विचारते, "डॉक्टर, पोटाची करायची ना?" तिचं काही चुकत नाही. आम्हालाही कॉलेजात हेच शिकवलं होतं. फुप्फुसात हवा, हवेवरून ध्वनिलहरी परत फिरतात, तेव्हा तिथं मशीन लावून उपयोग नाही.

निरोगी फुप्फुसाच्या आत खरंच काही दिसत नाही. आवरणाची एक पांढरी रेघ तेवढी श्वासागणिक सरकत असते आणि तिच्याखाली तिचीच आडवी प्रतिबिंबं. पण न्यूमोनियात हवेच्या कप्प्यांत पू आणि पाणी साठतं. हवा हटली की लहरींना वाट मिळते. मग तो भाग पडद्यावर चक्क यकृतासारखा भरीव दिसतो आणि त्यात श्वासनलिकांमधल्या हवेचे पांढरे ठिपके श्वासाबरोबर लुकलुकतात. फ्रान्सचे डॉ. दानिएल लिश्टनस्टाइन यांनी अतिदक्षता विभागात वर्षानुवर्षं हेच पाहिलं आणि २००८ साली धाप लागलेल्या रुग्णाची तपासणी कशी करावी, याची रीतच मांडून दिली.

ही सोनोग्राफी मुलांना तर जास्तच सोयीची. छातीची भिंत पातळ, बरगड्या अजून कोवळ्या. एक्स-रेसाठी रडणाऱ्या बाळाला धरून ठेवायची कसरत नाही. आईच्या मांडीवरच काम होतं. किरणांचा प्रश्न नाही, म्हणून दोन दिवसांनी पुन्हा बघता येतं. छातीत पाणी झालंय का, त्याचा पू होऊन जाळी धरलीय का, हे तर एक्स-रेपेक्षा इथंच नीट कळतं.

पण आवरणापर्यंत न पोचलेला, खोल गाभ्यातला न्यूमोनिया हिला दिसत नाही. जिवाणूचा की विषाणूचा, हेही ती खात्रीनं सांगत नाही. आणि हात शिकलेला लागतो.

आणखी एक अडचण आपल्याकडची. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४ च्या कायद्यामुळे सोनोग्राफी मशीनची नोंदणी लागते आणि ते पिशवीत घालून पाड्यावर नेता येत नाही. कायदा हवाच, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्यात पाड्यावरच्या बाळाची छाती तपासायची राहून जाते, हेही खरं.

तिथं जुनीच रीत कामाची. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत गावातल्याच माणसांना श्वास मोजायला आणि औषध द्यायला शिकवलं आणि न्यूमोनियानं होणारे बालमृत्यू घटले. तो अभ्यास १९९० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

तुम्हीही मोजू शकता. बाळ शांत असताना, पोटावरचं कापड बाजूला करून, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याचे ५०, पाच वर्षांच्या आतल्याचे ४० भरले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. आणि श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, बाळ दूध ओढत नसेल, तर मोजतसुद्धा बसू नका. गाडी बघा.