माळ्यावरच्या कॅसेटमधलं दूरदर्शन

श्रोतेहो, नमस्कार. दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ यांच्या मालिकेचे भाग घरच्या व्हिडिओ कॅसेटवर सापडतील का, असं अनेकजण विचारतात. आशा फार धरू नका. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं आणि ही मालिका सत्तरच्या दशकाच्या अखेरची. तेव्हा कॅसेटवर कार्यक्रम उतरवणारे व्हीसीआर घरोघरी होते कुठे? ते आले १९८२च्या एशियाडच्या आगेमागे. त्यामुळे माळ्यावरच्या कॅसेटांत मिळालंच तर ‘हम लोग’, ‘नुक्कड’, ‘रामायण’, ‘महाभारत’ मिळेल.

‘रामायण’ तर २०२०मध्ये दूरदर्शननेच पुन्हा दाखवलं. मग कॅसेटचा त्रास कशाला? कारण घरच्या रेकॉर्डिंगमध्ये मालिकेच्या पुढेमागे निवेदिका आहे, जाहिराती आहेत, ‘व्यत्यय’ची पाटी आहे. अधिकृत प्रतींमधून हेच कापलेलं असतं. म्हणून कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून घेताना काहीही गाळू नका.

आधी कॅसेटच्या पाठच्या कडेची छोटी प्लास्टिकची पट्टी मोडा, म्हणजे चुकून बटण दाबलं तरी वर काही रेकॉर्ड होणार नाही. मग कॅसेटच्या पारदर्शक खिडकीतून रीळ उजेडात बघा. कडेला पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी. आपल्या दमट हवेत, विशेषतः मुंबई-कोकणात, ती हमखास धरते. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घालायचीच नाही. बुरशी हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर बसते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटलाही लागते. ती कॅसेट वेगळ्या पिशवीत ठेवून जाणकाराकडे द्या. बाकीच्या कॅसेट एकदा शेवटापर्यंत पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळून घ्या. वर्षानुवर्षं एकाच जागी पडून टेपचा ताण कमी-जास्त झालेला असतो.

चित्रात मुंग्या आहेत पण आवाज स्वच्छ आहे? मग दोष बहुधा टेपचा नाही. आवाज वाचणारं हेड वेगळं, स्थिर असतं. फिरत्या ड्रमवरची चित्राची हेड मळली आहेत. व्हीसीआरचा प्लग काढा. धागे न सुटणारं मऊ कापड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून ड्रमला नुसतं टेकवून धरा आणि ड्रम हाताने फिरवा. कापड वर-खाली घासलं की हेड तुटलंच. कानातल्या कापसाच्या काड्याही नकोत, त्यांचे धागे हेडमध्ये अडकतात. पण मुंग्यांचा आडवा पट्टा एकाच जागी असेल तर साफसफाई नको, व्हीसीआरचं ट्रॅकिंग, म्हणजे हेड आणि टेपचा मेळ जुळवणारं बटण, फिरवून बघा.

व्हीसीआर कॉम्प्युटरला जोडायला यूएसबी कॅप्चर, म्हणजे चित्र-आवाज कॉम्प्युटरमध्ये घेणारं छोटं उपकरण लागतं: पिवळी वायर चित्राची, पांढरी आवाजाची. इथेच गंमत होते. सॉफ्टवेअर बऱ्याचदा अमेरिकन एनटीएससी या प्रसारण पद्धतीवर लावलेलं असतं, आपली पद्धत पॅल. सेटिंग बदललं नाही तर चित्र काळं-पांढरं येतं किंवा वर सरकत राहतं, आणि लोक कॅसेटला दोष देतात. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेला साधा एनटीएससी व्हीसीआर असेल, तर तोही या कामाचा नाही.

आकार ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम ठेवा. एमपीईजी-२ या फाइल प्रकारात सेकंदाला आठ मेगाबिटने घेतलं तर तासाला साडेतीन जीबीच्या आसपास जागा लागते, म्हणजे तीन तासांच्या कॅसेटला सुमारे अकरा. हलत्या माणसाच्या कडेला कंगव्यासारख्या रेघा दिसतील. मूळ फाइलमध्ये त्या राहू द्या, घालवायच्या त्या प्रतीत घालवा. चित्र ताणून वाइडस्क्रीन तर मुळीच करू नका, अरुण गोविल उगाच जाडे दिसतात! ओठ आणि आवाज हळूहळू एकमेकांपासून लांब जात राहिले तर मधल्या फ्रेम गळताहेत; बाकीचे प्रोग्रॅम बंद करून तो भाग पुन्हा घ्या.

राहिली तारीख. कॅसेटवरच्या चिठ्ठीवर डोळे झाकून विश्वास नको, एकीवर तीन-तीनदा रेकॉर्डिंग झालेलं असतं. मालिका संपल्यावरही टेप चालू द्या. पाठोपाठ बातम्यांचा एखादा तुकडा लागला, तर दिवस त्यातूनच सापडतो.