पान्हा सुटेपर्यंत

नमस्कार, श्रोतेहो.

घरातलं म्हातारं माणूस पडतं, खुब्याचं हाड मोडतं, ऑपरेशन होतं. त्या धावपळीत आपली माणसं कमी पडत नाहीत. पैसे उभे राहतात, रक्ताची सोय होते, रात्री दवाखान्यात झोपायला पुतणे-भाचे पाळ्या लावून येतात. अवघड जातो तो नंतरचा काळ. घरी येऊन तीन-चार आठवडे झालेले असतात. टाके निघालेले असतात, भेटायला येणारे थांबलेले असतात, आणि माणूस अजून वॉकर धरूनच न्हाणीपर्यंत जात असतं. तिथं धीर सुटतो. त्याचाही सुटतो आणि घरच्यांचाही. मी बावीस वर्षं कोल्हापुरात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते, आणि आज मला त्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्याबद्दल बोलायचंय.

बोलायचंय ते माझ्या मामांमुळे. मामा शिवाजी पेठेतले, तालमीतले वस्ताद. शहात्तराव्या वर्षीही पहाटे उठून आखाड्याची माती स्वतः उकरायचे. असा माणूस न्हाणीघरात साबणाच्या पाण्यावरून घसरला. जाता जाता सांगते, हल्ली फ्लॅटमध्ये न्हाणीला त्या आरशासारख्या चकचकीत फरश्या बसवतात, मला त्यांचा राग येतो. आपली जुनी खरबरीत शहाबादी काय वाईट होती? पाय धरून ठेवायची.

तर मामांच्या मांडीच्या हाडाचा वरचा गोळा बदलला. दुसऱ्याच दिवशी वॉकर देऊन उभं केलं. मामा खूष झाले. म्हणाले, "पोरी, आठ दिवसांत आखाड्यात." मी त्यांना व्यायाम दिला. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, गुडघ्यानं ती खाली दाबायची, पाच आकडे मोजायचे, सोडायचं. मामांनी माझ्याकडं असं बघितलं की मला आजही आठवतंय. "हजार बैठका मारणाऱ्याला टावेल दाबायला लावतीस व्हय?"

चौथ्या आठवड्यात एक दिवस पहाटे साडेपाचला मामा अंथरुणात नाहीत. वॉकर भिंतीला टेकलेला. काठी नाही आणि कोपऱ्यातल्या कोल्हापुरी वहाणा नाहीत. मामींनी मला फोन केला, तोवर दुसरा फोन आला, गंगावेशीतनं, दूध कट्ट्यावरनं.

आपल्याकडचा दूध कट्टा मी तुम्हाला काय सांगू! समोर म्हैस पिळून गिलास हातात, वर बोटभर फेस. मामांनी चाळीस वर्षं तिथलं दूध प्यायलं होतं. मी पोचले तेव्हा ते खालच्या बुटक्या दगडावर बसलेले. गुडघे पोटाशी आलेले, कपाळ घामानं भिजलेलं, हातात भरलेला गिलास. एक घोटही घेतला नव्हता. फेस सगळा बसून गेला होता, वर पातळ साय धरायला लागली होती. चालत तर आले होते, पण बसल्यावर उठताच येईना. दोघं जण बगलेत हात घालून उचलायला आले, तर गवळीदादांनीच अडवलं. म्हणाले, "वडाताण नगं, डाक्टरीन बाई येऊ देत."

हे किती मोठं काम त्यांनी केलं, ते ऐका. नवा गोळा वाटीत बसवलेला असतो, पण त्याला धरून ठेवणारे स्नायू आणि भोवतालचं वेष्टन ऑपरेशनमध्ये कापलेलं असतं. ते भरून येईपर्यंत बुटक्या जागी बसलं, उकिडवं बसलं, मांडी घातली, तर गोळा वाटीतून निसटू शकतो. म्हणून लक्षात ठेवा, गुडघा खुब्याच्या वर जाता कामा नये. पुन्हा सांगते, बसल्यावर गुडघा खुब्याच्या वर जाता कामा नये. डॉक्टर सांगतील तितके दिवस हे पाळायचं.

मी त्यांना दुखरा पाय हळूहळू पुढं सरकवायला लावला, अंग मागं रेलून ठेवलं, मागनं आधार दिला आणि उठवलं. गोळा जाग्यावर होता, नशीब. रिक्षा येईपर्यंत मामा एक शब्द बोलले नाहीत. डोळ्यांत पाणी होतं, आणि ते दुखण्याचं नव्हतं. तेव्हा गवळीदादा म्हणाले, "वस्ताद, म्हशीला पान्हा सुटंस्तोवर आपुन थांबतोय का न्हाई? नुसतं सड वडून दूध येतंय व्हय? उलट म्हस लाथ मारती."

बावीस वर्षांत मला जे नीट सांगता आलं नव्हतं, ते त्यांनी सांगितलं.

त्या दिवशी घरी आल्यावर मामांनी कोळशाचा तुकडा मागितला. दाराच्या चौकटीवर रोज एक रेघ. मी विचारलं, "जास्त चाललात की रेघ का मामा?" तर म्हणाले, "न्हाई. व्यायाम केला की रेघ. काल होतं तेवढंच आज झालं, तरी रेघ." श्रोतेहो, हे माझ्या प्रत्येक रुग्णाला मी आता सांगते. पुढं किती गेलो ते रोज मोजू नका. आज केलं का, एवढंच मोजा. कारण या दुखण्यात चार दिवस तसूभरही फरक दिसत नाही, आणि पाचव्या दिवशी माणूस आपसूक कुशीवर वळतं.

खुब्याचा सांधा बदलण्याची आजची पद्धत जॉन चार्नली यांनी १९६२ साली इंग्लंडमध्ये बसवली. त्यानंतर धातू बदलले, यंत्रं आली, तास-दीड तासात काम होतं. पण कापलेला स्नायू आपल्याच वेळेनं भरतो. सहा आठवडे ते तीन महिने त्यात जातात, आणि अंगात पहिल्यासारखा जोर यायला सहा महिने, कधी वर्ष. काहींची काठी सुटत नाही. मग राहू द्यावी.

काठी धरायची चांगल्या पायाच्या बाजूला, हे बहुतेक घरांत उलटं होतं. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. चढताना चांगला, उतरताना दुखरा. झोपताना दोन पायांत उशी. आणि हाडाला ताकद यावी म्हणून आपण मटणाचं अळणी पाणी करून पाजतो, जरूर पाजा, पण त्यातला मटणाचा तुकडाही खाऊ द्या. अंडं, डाळ, दूध पोटात गेल्याशिवाय स्नायू कशातनं भरणार?

भेटायला येणाऱ्यांना हात जोडून विनंती. "अजून चालत नाही? आमचे काका पंधरा दिवसांत फिरायला लागले," हे रुग्णासमोर बोलू नका. त्या एका वाक्यानं माणूस दोन दिवस जेवत नाही, हे मी पाहिलंय.

आणि धीर धरायचा म्हणजे सगळंच अंगावर काढायचं, असं मात्र नाही. पोटरी सुजली, दुखायला लागली, अचानक धाप लागली, ताप आला, जखमेतून पाणी यायला लागलं, पाय एकदम आखूड किंवा वाकडा दिसला, तर त्याच क्षणी दवाखाना गाठायचा. पोटरीची सूज आणि धाप, ही दोन तर विसरूच नका. आणि सुजलेल्या पोटरीला तेल लावून चोळायचं नाही.

मामांच्या चौकटीवर दीडशेच्या वर रेघा झाल्या, तेव्हा आम्ही त्यांना परत गंगावेशीत नेलं. रबरी तळव्याच्या चपला, उजव्या हातात काठी. कट्ट्यावर गवळीदादांनी प्लास्टिकच्या तीन खुर्च्या एकात एक घालून ठेवल्या होत्या, बैठक उंच व्हावी म्हणून. मामा दुखरा पाय पुढं ठेवून, हातावर भार देत बसले. गवळीदादा म्हशीच्या आचळांना पाणी लावत होते. बाजूचा एक पोरगा म्हणाला, "लवकर करा की." मामांनी काठी त्याच्या गुडघ्याला हलकेच लावली आणि म्हणाले, "थांब. पान्हवू दे तिला."

नमस्कार.