सिद्धांत निवडताना

श्रोतेहो, नमस्कार.

मानसशास्त्र शिकणाऱ्याला एक प्रकल्प हमखास करावा लागतो. माणसाच्या वागण्यातला एखादा विषय घ्यायचा आणि एकदोन सिद्धांतांच्या आधारे तो उलगडून दाखवायचा. राग, मत्सर, व्यसन, गर्दीतलं वागणं, काहीही. विषय पटकन ठरतो. मग सिद्धांतांची शोधाशोध सुरू होते, आणि बहुतेक वेळा जो तोंडपाठ असतो तोच विषयाच्या डोक्यावर बसवला जातो. आज या निवडीबद्दल बोलायचं आहे. विद्यार्थ्यांशी तर बोलायचं आहेच, पण इतरांशीही. कारण तो असा का वागला, ती तशी का वागली, याची कारणं आपण सगळेच दिवसभर सांगत असतो, आणि त्या कारणांवरून माणसांना बोल लावत असतो.

बोलणं हवेत राहू नये म्हणून एकच वागणं घेऊ. चालढकल.

समजा, एका मुलीला निबंध लिहून द्यायचा आहे. मुदत जवळ येत चालली आहे. विषय तिच्या आवडीचा आहे आणि लिहायचं तिनं अगदी मनापासून ठरवलं आहे. ती टेबलाशी बसते, फाइल उघडते, मथळा टाइप करते. पहिलं वाक्य लिहिते आणि खोडते. पुन्हा लिहिते, पुन्हा खोडते. छातीत बारीकशी धाकधूक सुरू होते. नेमकं त्याच क्षणी तिच्या लक्षात येतं की टेबलावर फारच पसारा झाला आहे. ती आवरायला उठते. कागद एकसारखे लावते, पेनं चालतात की नाही ते बघते. धाकधूक थांबते, हलकं वाटतं. फाइल तशीच उघडी आहे, मथळ्याखाली कोरी.

आता हे असं का झालं?

सर्वांत सोपं उत्तर तयारच असतं. मुलगी आळशी आहे. कशावरून आळशी? काम टाळते म्हणून. काम का टाळते? आळशी म्हणून. या वर्तुळात आपण कितीही फिरलो तरी त्या टेबलाशी काय घडलं ते कळत नाही. आळस हे वागण्याला दिलेलं नाव झालं. नाव दिलं की समजल्यासारखं वाटतं, आणि म्हणूनच ते धोक्याचं असतं. आळशी माणूस आवराआवर तरी कशाला करेल, एवढा एक प्रश्न विचारला तरी ते उत्तर डळमळतं.

मग सिद्धांताकडे वळू. पण त्याआधी आपला प्रश्न नेमका कोणता ते ठरवायला हवं, आणि बहुतेक प्रकल्प इथेच घसरतात. ‘चालढकल’ हा विषय आहे, तो प्रश्न नाही. ही मुलगी याच क्षणी का उठली, हा एक प्रश्न. तिची मैत्रीण तेच काम वेळेत कसं करते, हा दुसरा. हीच मुलगी बाकीची कामं वेळेत करते आणि निबंधच का टाळते, हा तिसरा. आणि आपल्या भल्याचं काय ते कळत असूनही माणसं त्याच्या उलट का वागतात, हा चौथा आणि सगळ्यांत मोठा. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक निको टिंबर्गन यांनी 1963 साली एक गोष्ट फार स्वच्छपणे मांडली. एखादं वर्तन ‘का’ घडतं, या एकाच प्रश्नात चार वेगळे प्रश्न दडलेले असतात: ते कोणत्या यंत्रणेनं घडतं, एका जिवाच्या आयुष्यात ते कसं घडत जातं, त्याचा उपयोग काय, आणि उत्क्रांतीत ते आलं कुठून. या चार प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी भांडत नाहीत. एकाचं उत्तर दुसऱ्याला दिलं की मात्र गोंधळ होतो.

आपण मुलीबद्दलचा पहिलाच प्रश्न घेऊ. काम करायची इच्छा आहे, तरीही माणूस ऐन क्षणी बाजूला का होतो?

प्रश्न असा धारदार झाला की काही नामवंत सिद्धांत आपोआप बाजूला पडतात. आइसेक आय्झेन यांचा नियोजित वर्तनाचा सिद्धांत घ्या. माणसाची एखाद्या कृतीकडे बघण्याची वृत्ती, जवळच्या माणसांची अपेक्षा आणि ही कृती आपल्या हातात आहे ही भावना, या तिन्हींतून इरादा तयार होतो आणि इराद्यातून कृती, अशी त्याची साधारण मांडणी आहे. आरोग्याच्या सवयींवरच्या संशोधनात तो भरपूर वापरला गेला आहे. पण आपल्या मुलीचा इरादा पक्का आहे! इरादा आणि कृती यांच्या मधल्या फटीतच तर ती अडकली आहे. हा सिद्धांत आपल्याला त्या फटीच्या काठापर्यंत आणून सोडतो. त्यात त्याचा दोष नाही, पण आपल्या प्रश्नाला तो पुरत नाही. मानसशास्त्रज्ञ मॅस्लो यांच्या गरजांच्या श्रेणीचंही तेच; भूक, सुरक्षितता अशा मूलभूत गरजांपासून आत्मसन्मान आणि त्याही पुढच्या गरजांपर्यंतची ही चढती रांग. 1943 साली एका लेखात त्यांनी ती मांडली, आणि आज ती इतकी लोकप्रिय आहे की कुठल्याही प्रकल्पात तिचा पिरॅमिड सापडतो. (मॅस्लो यांच्या त्या मूळ लेखात पिरॅमिडचं चित्र नाही, हे जाता जाता सांगायला हवं.) पसारा आवरण्यामागे कुठली गरज आहे? सुरक्षिततेची म्हणा, आत्मसन्मानाची म्हणा, काहीही बसतं. काहीही बसतं, हीच तिथली अडचण आहे.

ही अडचण विज्ञानाचे तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांना अगदी तरुण वयात जाणवली होती. 1919 साली ते व्हिएन्नात मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड आडलर यांच्या कामात थोडी मदत करत होते. एका मुलाची हकीकत त्यांनी आडलरना सांगितली. त्यांना ती आडलरच्या सिद्धांतात फारशी बसेल असं वाटत नव्हतं. आडलरनी मुलाला न पाहताच न्यूनगंडाच्या आधारे तिचा अर्थ लावून टाकला. इतकी खात्री कशी, असं पॉपरनी विचारलं, तर हजार वेळा घेतलेल्या अनुभवामुळे, असं उत्तर मिळालं. पॉपरना त्यातलं मर्म दिसलं. जी हकीकत येईल ती सिद्धांताच्या चष्म्यातून वाचायची आणि मग पुरावा म्हणून तीच जमेला धरायची, असं चाललं असेल तर तो सिद्धांत कधी चुकणारच नाही. एखाद्यानं मुलाला बुडवलं तरी न्यूनगंड, दुसऱ्यानं स्वतः बुडून मुलाला वाचवलं तरी न्यूनगंड. पॉपर यांची सगळी मतं पटायलाच हवीत असं नाही, आणि आडलर यांचं महत्त्वही त्यामुळे संपत नाही. पण सिद्धांत निवडताना मी विद्यार्थ्यांना एक प्रश्न आग्रहानं विचारायला लावते: या सिद्धांताप्रमाणे काय घडायला नको? याला उत्तर नसेल तर तो सिद्धांत कितीही सुंदर असो, या कामापुरता बाजूला ठेवा.

या कसोटीला उतरणारे दोन उमेदवार मला दिसतात.

पहिला वेळेचा. 1975 साली जॉर्ज एन्स्ली यांनी दाखवलं की दूरच्या फळाची किंमत आपल्या मनात एकसारख्या गतीनं उतरत नाही. अगदी हाताशी आलेलं फळ, लहान असलं तरी, एकाएकी मोठं वाटू लागतं. त्यामुळे पसंती उलटते. रात्री झोपताना ती मुलगी ‘सकाळी उठून लिहीन’ म्हणते तेव्हा ती स्वतःला फसवत नसते. त्या वेळी निबंध आणि आराम दोन्ही दूर असतात आणि निबंध खरोखरच वरचढ दिसतो. सकाळ होते, आराम हाताशी येतो, आणि तराजू फिरतो.

दुसरा भावनेचा. त्याचं मूळ वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ स्किनर यांच्या ऋण प्रबलनात आहे. एखाद्या वागण्यानं त्रास थांबला की ते वागणं बळावतं. पहिलं वाक्य लिहिताना धाकधूक झाली, टेबल आवरताना ती थांबली, म्हणून पुढच्या वेळी उठणं आणखी सोपं. फ्युशिया सिरॉय आणि टिमथी पिचिल यांनी 2013 साली हीच दिशा पुढे नेली: चालढकल म्हणजे आत्ताचा मूड सावरण्यासाठी पुढच्या आपल्यावर टाकलेला भार.

दोन्ही पटतात ना? म्हणून तर दोन्ही प्रकल्पात घालावेसे वाटतात. एक परिच्छेद याचा, एक त्याचा आणि शेवटी ‘दोन्ही सिद्धांत उपयुक्त आहेत’. असं लिहू नका. दोघांचं जिथे पटणार नाही अशी जागा शोधा. केवळ वेळेचा हिशेब खरा असेल, तर मुदत तेवढीच असताना मूड कसा आहे यानं फार फरक पडू नये. भावनेचा सिद्धांत खरा असेल, तर मूड बिघडल्यावर टाळाटाळ वाढावी. आणि टाळून मूड सुधारणारच नसेल तर ती उरूच नये.

ही जागा डायन टाइस, एलेन ब्राट्स्लाव्स्की आणि रॉय बाउमाइस्टर यांनी 2001 साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात तपासली आहे. लोकांना सांगितलं होतं की थोड्या वेळानं गणिताची एक चाचणी आहे, तोवर सराव करा. जवळच वेळ घालवायला काही गोष्टी ठेवल्या. काहींसाठी त्या मजेशीर होत्या, काहींसाठी कंटाळवाण्या. काहींची मनःस्थिती आधी खिन्न केली. आणि मग खरी खुबी अशी, की काहींना पटवून दिलं की आता काही वेळ तुमची मनःस्थिती बदलणार नाही, काही केलं तरी. वेळ सगळ्यांना सारखाच. सराव सर्वांत जास्त टाळला तो खिन्न असलेल्या, मूड बदलू शकतो असं मानणाऱ्या आणि मजेशीर गोष्टी हाताशी असलेल्या लोकांनी. मूड बदलणारच नाही असं पटलेल्यांची टाळाटाळ मात्र घटली. खिन्नता होती, मजाही समोर होती, पण टाळून मिळण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मला हा प्रयोग फार आवडतो. एका प्रयोगावर इमारत उभी करू नये, हे खरं आहे. वेळेचा सिद्धांतही त्यानं खोटा पडत नाही. कारण लगेच बरं वाटणं हे हाताशी आलेलं फळच आहे, असं एन्स्ली यांचा अभ्यासक म्हणू शकेल. पण मग त्यानं ते आधी सांगायला हवं, निकाल पाहून नव्हे.

लोकांना सर्वांत आवडणाऱ्या कारणाचं काय? ‘मला सगळं अगदी अचूक लागतं, म्हणून माझं काम सुरूच होत नाही.’ पियर्स स्टील यांनी 2007 साली 691 सहसंबंध, म्हणजे दोन गोष्टी किती जोडीनं बदलतात याची मापं, एकत्र करून पाहिले. कामाचा तिटकारा, फळ मिळायला लागणारा वेळ, आपल्याला जमेल याचा विश्वास नसणं आणि उतावीळपणा यांचं चालढकलीशी नातं जोडणारा पुरावा भक्कम होता. अचूकतेच्या हव्यासाचा फारच फिका. पुढच्या संशोधनानं त्या हव्यासाचे दोन भाग केले. वरच्या दर्जाची ओढ असलेले लोक उलट कमी टाळतात, चुकेन आणि लोक काय म्हणतील या भीतीनं पछाडलेले जास्त टाळतात. म्हणजे संकल्पना ढोबळ ठेवली तर सिद्धांतही ढोबळच दिसतो. आणि आपण पुन्हा त्या धाकधुकीपाशीच येतो.

एक शेवटची गोष्ट, कारण ती प्रकल्पांत सुटते. उशीर होणं म्हणजे चालढकल असं प्रत्येक वेळी नसतं. आजाऱ्याची सेवा करणारा उशीर करतो, थकून झोपलेला करतो, आणखी माहिती यायची वाट पाहणारा विचारपूर्वक थांबतो. यांच्यापैकी कुणी स्वतःच्या इच्छेविरुद्ध टाळत नाही, आणि आपलं नुकसान होणार हे दिसत असूनही टाळत नाही. त्यांना प्रश्नावली देऊन मुलीच्या रांगेत बसवलं, तर चांगला सिद्धांतही चुकीचा दिसेल. म्हणून प्रकल्पाच्या पहिल्याच पानावर, सिद्धांताचं नाव घेण्याआधी, आपण कोणाला त्यात घेतलं आणि कोणाला वगळलं ते लिहा.

नमस्कार.