मोरचूद, चुना आणि लोखंडी सुरी

द्राक्षबागेच्या बांधावर प्लास्टिकच्या दोन बादल्या दिसत आहेत. एकीत मोरचुदाचे, म्हणजे कॉपर सल्फेटचे, निळेशार पाणी आहे, तर दुसरीत चुन्याची निवळी करण्यापूर्वीचे दुधासारखे पांढरे पाणी. केवडा रोगाला अटकाव करणारे बोर्डो मिश्रण यांतून तयार होते. एक टक्का मिश्रणासाठी एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी, हे प्रमाण बागायतदारांना तोंडपाठ असते. शाळेत शिकवले जाणारे अभिक्रियांचे चारही मूलभूत प्रकार या बादल्यांभोवती सापडतात. मात्र त्यासाठी चुन्याच्या मुळाशी, म्हणजे भट्टीपाशी जावे लागते.

भट्टीत चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवली जाते. शंभर किलो शुद्ध चुनखडी पूर्णपणे भाजली गेली, तर हाती येतो ५६ किलो कळीचा चुना. उरलेले ४४ किलो वजन कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने हवेत जाते. एकाच अभिक्रियाकारकापासून दोन उत्पादिते मिळाली, म्हणून हे अपघटन.

या कळीच्या चुन्याचा खडा पाण्यात पडला की फसफसतो, तडकतो, वाफ सोडतो आणि भांड्याला हात लावणे कठीण होते. चुना आणि पाणी यांपासून कॅल्शिअम हायड्रॉक्साइड हे एकच उत्पादित तयार झाले, म्हणून हा संयोग. उष्णता बाहेर पडली म्हणून संयोग, असे पुष्कळ विद्यार्थी लिहून बसतात. पण उष्णतेवरून अभिक्रिया ऊष्मादायी आहे एवढेच ठरते. प्रकार ठरवायचा तो काय आत गेले आणि काय बाहेर आले, हे पाहूनच.

आता मोरचुदाचे द्रावण चुन्याच्या पाण्यात हळूहळू ओतले जात आहे. पाहता पाहता आकाशी रंगाचा दाट साका तयार होतो. कॉपर सल्फेटमधील सल्फेट कॅल्शिअमकडे आणि हायड्रॉक्साइड तांब्याकडे गेले. दोन संयुगांनी आपापले आयन बदलून घेतले, म्हणून हे दुहेरी विस्थापन. काटेकोरपणे पाहिले तर या साक्याची रचना शालेय समीकरणात दिसते त्याहून गुंतागुंतीची असते, परंतु प्रकार ओळखण्यासाठी ते समीकरण पुरेसे आहे.

चौथा प्रकार मात्र दिसू नये, अशीच बागायतदाराची इच्छा असते. घासून स्वच्छ केलेल्या लोखंडी सुरीचे पाते तो मिश्रणात बुडवतो आणि थोड्या वेळाने बाहेर काढून उजेडात धरतो. पात्यावर तांबूस थर चढला आहे. चुना कमी पडल्यामुळे द्रावणात मोकळे तांबे शिल्लक होते; तांब्यापेक्षा अधिक क्रियाशील असलेले लोखंड स्वतः द्रावणात उतरले आणि त्याने तांब्याला बाहेर काढले. एका मूलद्रव्याने संयुगातील दुसऱ्याची जागा घेतली, म्हणजे विस्थापन. तांब्याची तार फेरस सल्फेटच्या द्रावणात कितीही वेळ ठेवली, तरी याच्या उलट घडत नाही. मिश्रणासाठी लोखंडी बादली का वापरत नाहीत, याचेही कारण या तांबूस थरातच आहे.

असे मोकळे तांबे कोवळी पाने करपवते. म्हणून चुन्याचे आणखी थोडे पाणी ओतले जाते, काठीने ढवळले जाते आणि पाते घासून पुन्हा बुडवले जाते. या वेळी ते जसे होते तसेच बाहेर येते, आणि फवारणीचा पंप भरायला घेतला जातो.