एएमवरची स्पॅनिश गाणी गेली कुठे?

पहाटेचे ४ वाजलेत. साल १९३०च्या आसपासचं, ठिकाण लॉस एंजेलिसजवळचं बरबँक. केईएलडब्ल्यू नावाच्या स्टेशनवर पेद्रो गोन्झालेस आणि त्याची मंडळी गिटार जुळवून मेक्सिकन गाणी सुरू करतात. ग्रुपचं नाव 'लोस माद्रुगादोरेस', म्हणजे पहाटे उठणारे.

एवढ्या पहाटे का? कारण ती वेळ स्वस्तात मिळायची. बाकीचा दिवस इंग्रजीचा. आणि ऐकणारे मजूर तेव्हा कामावर निघायच्या तयारीतच असायचे.

आता ऐका, हे मला फार भारी वाटतं. एएम म्हणजे आपल्या आकाशवाणीची मीडियम वेव्ह. अंधार असेपर्यंत या लहरी वरच्या आयनोस्फिअरवरून, म्हणजे वातावरणातल्या एका विद्युतभारित थरावरून, परत फिरून शेकडो किलोमीटर लांब उतरतात. ऊन वर आलं की ती वाट बंद! म्हणजे जी वेळ कुणालाच नको होती, नेमका तेव्हाच आवाज सगळ्यात लांब पोचायचा.

पुढे १९४६मध्ये राउल कोर्तेस यांनी टेक्ससमधल्या सॅन अँटोनिओत केसीओआर सुरू केलं. स्वतःच्या मालकीचं, दिवसभर स्पॅनिश.

मग बिघडलं कुठे? लोक म्हणतात, मोबाइलने घात केला. मला नाही पटत. गाणी त्याच्या कितीतरी आधी एफएमवर गेली होती. एएमच्या रेडिओत वरचे सूर कापले जातात. बोलणं नीट कळतं, पण ट्रम्पेटची धार जाते, ॲकॉर्डियन डब्यात वाजल्यासारखा येतो. १९९२मध्ये केएलएएक्स या एफएम स्टेशनने बांदा आणि रांचेरा ही मेक्सिकन धाटणीची गाणी वाजवून लॉस एंजेलिसमध्ये इंग्रजी स्टेशनांनाही मागे टाकलं. स्पॅनिश संगीत जिंकलं, आणि त्याच जिंकण्यात एएम रिकामं होत गेलं. मागे उरल्या बातम्या, फुटबॉल, प्रवचनं.

त्यात इलेक्ट्रिक गाड्यांच्या मोटरमुळे एएमवर येणारी खरखर. २०२३मध्ये फोर्डने नव्या गाड्यांतून एएम काढायचं ठरवलं होतं, मग विरोध झाल्यावर माघार घेतली.

गाणी लावणारी काही एएम स्टेशनं अजून आहेत. त्यातली बरीच आता एफएमवर छोटा रिले, म्हणजे तोच कार्यक्रम पुन्हा पाठवणारा ट्रान्समीटर, चालवतात, जास्तीत जास्त २५० वॉटचा. जाहिरातीत नंबरही एफएमचाच. पण तो रिले एएमच्या परवान्यावर टिकून असतो. म्हणून ऐकणारे उरोत न उरोत, गावाबाहेरचा एएमचा तो उंच मनोरा चालू ठेवावाच लागतो.